लाइनवर माणूस

झालं असं का, शनवारच्या संध्याकाळी सुपेल्याच्या चौकात, ऐन गर्दीत, सुगतनं डावा इंडिकेटर दिला आन् गाडीनं उजवा डोळा मिटला. म्हंजे पाहा, इशारा डावीकडचा आन् विझून राहिला उजवा हेडलाइट. मंग त्यानं घाबरून ब्रेक दाबला तर दोन्ही गेले. जुनी पांढरी एट हंड्रेड, बाबानं नोकरीवर असतानी घेतलेली, आजपर्यंत कधी पंक्चर सोडून काही मागितलं नाही तिनं, आन् ती एकदम चौकाच्या मधात आंधळी होऊन उभी. मागून कोन्या मोटारसायकलवाल्यानं डिक्कीवर थाप मारली, "अबे, लाइट तो जला! मरेगा क्या?" थाप काही जोरात नव्हती, पन सुगतले ती पाठीवर बसल्यासारखी वाटली. त्यानं बाजूले पाह्यलं. बाबा, म्हंजे टिकाराम, स्टील प्लांटमधले रिटायर इलेक्ट्रिशियन, मांडीवर भाजीची थैली धरून बसले होते. एवढ्या हॉर्नमधे, एवढ्या शिव्यांमधे, त्याईनं शांतपने म्हटलं, "अर्थिंग." बस, एक शब्द. आन् सुगतले एवढं बरं वाटलं ना, काय सांगू, हसूच आलं त्याले. कारन मागच्या बऱ्याच दिवसांपासून बाबाले शब्द सापडून नव्हते राहिले. गिलास मांगाचा असला तर "ते पान्याचं" म्हनत, नातेवाइकाचं नाव घ्याचं असलं तर हात हवेत फिरवत बसत. आन् इथं चौकात, अंधारात, फॉल्टचं नाव असं फटकन तोंडातून. एका ऑटोच्या मागं मागं, त्याच्या लाल लाइटच्या भरोशावर सुगतनं गाडी जुनवानीले घरापर्यंत आनली, आन् पुरा रस्ताभर तो मनात तेच घोळवत होता, अर्थिंग, अर्थिंग, जसा काही बाबानं त्याले खाऊ देल्ला.

त्याच जोशात त्यानं रात्री जेवता जेवता ताईचा फोन उचलला, आन् तिथंच चूक झाली. ताई म्हंजे आम्रपाली, मोठी बहीन, नागपूरले शाळेत शिकवते, आन् घरीही फळ्याजवळ उभी असल्यासारखीच बोलते. तिचं ठरलं होतं. "मी उद्याच्या गाडीनं येऊन राहिली सुगत, आन् बाबाले घेऊन जातो. इथं डॉक्टरले दाखवू, माझ्याजवळच राहतीन ते. तू पाहून न पाह्यल्यासारखं करून राहिला." तिच्या बोलन्यामागं ते सेक्टरमधल्या क्वार्टरचं प्रकरन होतं. बाबा एक दिवस भाजी आनाले निघाले ते थेट आपल्या जुन्या क्वार्टरमधे गेले, जिथं आता दुसरंच कुटुंब राहते. त्या बाईनं दार उघडलं, बाबा आत गेले, म्हने पंखा आवाज करून राहिला, स्टूल आना. त्याईनं स्टूल घेतलं, रेग्युलेटर खोललं, दुरुस्त केलं, चहा पेल्ले, आन् मंग बूट कुठं ठेवले ते शोधत बसले. त्या भल्या मानसांनी फोन केला म्हनून समजलं. सुगतनं ताईले तेव्हाही म्हटलं होतं, "अवं ताई, पन रेग्युलेटर तर बरोबर लावलं ना त्याईनं?" ताई म्हने, "रेग्युलेटर बरोबर लावलं बे, पन घर कोनाचं होतं?" यावर सुगतनं तेव्हा फोन ठेवून देल्ला होता. पन आज त्याच्यापाशी अर्थिंग होतं. तो बोलून गेला, "तू ये तं खरी उद्या. दुर्ग स्टेशनवर तुले घ्याले आमी गाडी घेऊन येतो. गाडीचे लाइट गेले हायत, बाबा सोता दुरुस्त करून राहिले. तुह्या डोळ्यानं पाह्यजो, मंग बोल." ताई म्हने, "बरं. लाइट लागले तर बोलू." आन् सुगतले फोन ठेवल्यावर समजलं का आपन बाबाले परीक्षेले बसवलं, बाबाले न विचारता.

रविवारी बाबा त्याच्या आधी उठून बसले. आंघोळ झालेली, पांढरा शर्ट, धुऊन धुऊन एवढा पातळ झालेला का आतली बनियन दिसे, खिशाले टेस्टर आन् पेन, जसे ते फर्स्ट शिफ्टले निघत तसेच. सुगत चहा घेऊन बाहेर आला तवा बाबा स्टेअरिंगखाली वाकून काही चाचपत होते. "आधी शटडाउन," असं त्याईचं पुटपुटनं सुगतच्या कानावर पडलं, आन् त्याले मजा वाटली. गाडीचं कसलं आलं शटडाउन, करंट कशाले तोडाचा, बारा व्होल्ट तर हायत. मंग बाबानं बोनट उघडलं, हेडलाइटच्या मागं हात घातला आन् तिथला एक बोल्ट बोटानं घासून सुगतले दाखवला. बोट तांबडं. "हे पाय. गंज. करंट जाते बरोबर, पन वापस यासाठी त्याले रस्ता तर पायजे का नाही? रस्ता नाही भेटला का मंग तो दुसऱ्याच्या घरात घुसते. म्हनून तू इंडिकेटर लावला तर हेडलाइट मेला." दुसऱ्याच्या घरात. सुगतले क्वार्टर आठवलं, आन् त्यानं तो विचार हातानं झटकावा तसा झटकला. बाबानं सँडपेपरनं बोल्ट घासला, वायरचा शेंडा घासला, दोन्ही कसे चांदीसारखे दिसाले लागले, कसून बसवले, आन् एवढं नेटकं काम झालं का सुगतनं मोबाईलवर त्याचा फोटोही काढला, ताईले पाठवासाठी. "लाव स्विच," बाबा म्हनले. सुगतनं लावला. काहीच नाही. ना मोठा लाइट, ना लहान, ना मागचा. अर्थिंगच्या आधी कमीत कमी लुकलुकत तर होते. आता पुरी गाडी मेल्यासारखी.

"स्विच तसाच राहू दे," बाबा म्हनले, "मी पाहतो." आन् इथून तो रविवार जो सुरू झाला ना, तो एका जागीच गोल फिराले लागला. बाबानं बल्ब काढला, दोन वायरांनी सरळ बॅटरीले लावून पाह्यला, जळला. म्हंजे बल्ब चांगला. मंग होल्डरमधे टेस्ट लॅम्प लावला, करंट नाही. मंग जॉइंटपाशी, करंट नाही. मंग स्विचपाशी, तिथंही नाही. एक एक टप्पा मागं, मागं, जसं त्याईनं चाळीस वर्षं प्लांटमधे केलं, लाइन धरून मागं जाचं, करंट जिथं भेटंल तिथं थांबाचं. सुगतनं विचारलं, "बाबा, फ्यूज?" बाबा मान वर न करता म्हनले, "फ्यूज पाह्यला मी." मंग ते उभे राहिले, कमरेवर हात ठेवला, गाडीकडे पाह्यलं, आन् म्हनले, "आधी बल्ब पाहून घेऊ." आन् बल्ब काढला. त्याच आवाजात, त्याच हातानं, जशी काही सकाळ आताच झाली. पहिल्यांदा सुगतले वाटलं, ठीक हाय, पक्कं करून राहिले. पन दुपारी पुन्हा जवा ते स्विचपर्यंत जाऊन, "फ्यूज पाह्यला मी" म्हनून पुन्हा बल्बकडे आले, तवा सुगतले वाटलं आपन एखाद्या खोलीत हावो जिथं सगळी दारं पुन्हा त्याच खोलीत उघडतात, आन् बाबा दार उघडून उघडून मोठ्या आशेनं पाहून राहिले.

बाजूच्या भिंतीवरून भय्याजीनं डोकं काढलं. भय्याजी म्हंजे शेजारी, बाबाच्याच वयाचे, रिकामे, दिवसभर दुसऱ्याच्या अंगनात काय चालू हाय ते पाहतात. "अरे टिकाराम भाई, सुबह से लगे हो। कबाड़ी को दे दो इसको, साथ में हम दोनों भी बैठ के चले जाएँगे।" बाबा टेस्ट लॅम्पची वायर तोंडात धरून म्हनले, "गाड़ी का तो फिर भी कुछ देगा। तुमको तो कबाड़ी भी हाथ जोड़ के वापस छोड़ जाएगा, भय्याजी।" भय्याजी एवढे हसले का भिंतीवरचा मनीप्लँट हलला. सुगतही हसला, आन् हसता हसता त्याले वाटलं, हे ताईनं ऐकाले पायजे होतं, आताच्या आता, हे रेकॉर्ड कराले पायजे होतं, हे पाय, असं उत्तर देनारा मानूस कुठून बिमार हाय? मंग त्याले सोताचीच लाज वाटली. बापाच्या जोकचीही मार्कशीट बनवून राहिलो आपन. करिष्मा, त्याची बायको, जेवाले बोलवाले बाहेर आली होती, तिनं त्याचं तोंड पाह्यलं. हळूच म्हने, "सुपेल्याहून कोन्या मेकॅनिकले बोलवा ना. दहा मिनटाचं काम असन." "बाबा हायत ना," सुगत खेकसला. ती म्हने, "तुमी गाडीचा फॉल्ट शोधून राहिले का बाबाचा?" आन् घरात जाता जाता वळून म्हने, "आन् बाबाचा शर्ट काढून घ्या हो, पेन फुटलं वाटते, खिशाले निळी शाई लागली. वाळली का मंग निघत नाही."

बाबा जेवले नाहीत. काम अर्धवट सोडून जेवत नसत ते, पहिलेपासूनच. सुगतही मंग बोनटपाशीच पायरीवर बसला, आन् उन्हात तापलेल्या पत्र्याच्या वासानं, त्या रबराच्या अन् ऑइलच्या वासानं त्याले उगीच तो मे महिना आठवला, क्वार्टरमधला. तो पहिलीत का दुसरीत असन. बाबानं स्विचबोर्ड खोलला होता, पंखा बंद, आई, भीमाबाई, सुपानं वारा घेऊन राहिली. प्लांटमधे नियम होता, बाबा सांगत, का जो लाइनवर काम करते त्यानं आधी फ्यूज काढाचा आन् सोताच्या खिशात ठेवाचा. टेबलावर नाही, पेटीत नाही, खिशात. म्हंजे तो मानूस लाइनवरून हटून सोता जाऊन लावत नाही तवर, साहेब आला, मोठा साहेब आला, कोनीही आला, तरी करंट चालू नाही होऊ शकत. दुसऱ्याच्या फ्यूजले हात लावाचा नाही, हे तर असं का जसं दुसऱ्याच्या ताटातलं उचलनं. एकदा तर शिफ्ट संपल्यावर बाबा तो फ्यूज तसाच खिशात घेऊन घरी आले होते, आन् आंघोळीले शर्ट काढला तवा समजलं, मंग ओल्या अंगानं सायकल हानत वापस. आई किती दिवस चिडवत होती, पुरा प्लांट खिशात घालून आनला मानसानं, मीठ आनाचं तेवढं विसरला. तर त्या मे महिन्यात बाबानं घरच्या मेनचा फ्यूज काढला, तो पांढरा चिनी मातीचा, जड, आन् सोताच्या खिशात ठेवता ठेवता थांबले. सुगतकडे पाह्यलं. त्याच्या हाफपँटच्या खिशात टाकला. म्हनले, "मी लाइनवर हावो. माहा जीव आता तुह्या खिशात हाय. हलू नको." आई म्हने, "काय व बाई, पोराले भेव घालता!" पन सुगतले भेव नव्हतं वाटलं. म्हंजे वाटलं होतं, पन कसं, तर छाती फुगून. त्यानं खिसा वरून मुठीत आवळून धरला. घाम गळून राहिला, नाकावर माशी बसली, लघवीले लागली, पन तो हलला नाही. ताई त्याले गुदगुल्या करत होती, तरी नाही. बाबा स्टुलावर उघड्या वायरा बोटानं वळून राहिले होते, आन् ते बोटं साबूत राहतीन का नाही ते सुगतच्या मुठीवर होतं. त्यानंतर आयुष्यात त्याले कोनी एवढं मोठं काम देल्लं नाही. ऑफिसात तर नाहीच.

फोन वाजला. ताई. "राजनांदगाव गेलं, आता दुर्गच. येऊन राहिले ना तुमी?" सुगत म्हनला, "होऊनच राहिलं ताई, बस." तिनं श्वास सोडला, तो त्याले ऐकू आला. "मी ऑटो करतो," ती म्हने, "तू राहू दे." रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज एकदम नरम होता. समोर बाबा बल्ब काढत होते. "आधी बल्ब पाहून घेऊ." आन् तवा सुगत उठला. तो ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून खाली बसला, मोबाईलचा टॉर्च लावला, आन् स्टेअरिंगखालच्या त्या फ्यूजच्या डबीच्या झाकनाले हात लावून तसाच बसून राहिला. फ्यूज पाह्यला मी, बाबा म्हनले होते. सकाळपासून म्हनून राहिले. हे झाकन उघडनं म्हंजे बाबा खोटं बोलून राहिले असं माननं, नाही, खोटं नाही, त्याच्याहून वाईट. जन्मात त्यानं बाबाचं काम मागून तपासलं नव्हतं. त्यानं झाकन काढलं. लाल, पिवळे, लाल, आन् मधात एक जागा रिकामी, दात पडलेल्या हिरडीसारखी. लाइटची जागा. झाकनाच्या आतून एक जास्तीचा फ्यूज खोचून ठेवलेला होता, बाबानंच कधीचा ठेवलेला, त्याच नंबरचा. निळा. टॉर्चच्या उजेडात तो निळा रंग त्यानं पाह्यला आन् पाहतच राहिला, शाईसारखा निळा, आन् मंग त्यानं दारातून मान बाहेर काढून बाबाकडे पाह्यलं, वाकलेले, पातळ पांढरा शर्ट, खिसा लोंबलेला, आन् खिशात तो निळा डाग.

आधी शटडाउन. बाबानं काही चुकवलंच नव्हतं. अर्थिंग सकाळीच दुरुस्त झालं होतं, चहा थंडा व्हाच्या आत. त्याईनं जे केलं ते सगळं नियमानं केलं, फ्यूज काढला, खिशात ठेवला, काम केलं, आन् बस, तो खिशातला फ्यूज तेवढा त्याईच्या डोक्यातून निघून गेला, आन् तेव्हापासून ते सोताच बंद केलेल्या लाइनीत करंट शोधून राहिले होते. दिवसभर. उपाशी. सुगतले हसू येईन असं वाटलं आन् आलं नाही. आता सांगाचं काय? बाबा, फ्यूज तुमच्या खिशात हाय. एवढंच तर वाक्य. पन ते बोलल्यावर बाबाचं तोंड कसं होईन ते त्याले दिसलं, आन् तेच तोंड ताई येऊन पाहीन. नाही सांगितलं तर लाइट लागत नाही, आन् लाइट लागला नाही तर बाबा नागपूरले. शर्ट धुवाले मागून घेऊ? खिशातून हळूच काढू? बापाचा खिसा मारू? तो तसाच वाकडा होऊन बसून राहिला, मान दुखाले लागली. बाहेर उजेड उतरून राहिला होता, प्लांटच्या दिशेनं आभाळ लालसर झालं होतं, नेहमी होते तसं, आन् भय्याजीच्या घरी कुकरची शिट्टी झाली. "काही भेटलं का रे?" बाबानं तिकडून विचारलं. त्या आवाजात एवढी आशा होती का सुगतले खरं सांगता नाही आलं. "पाहतो, बाबा," तो म्हनला. "भेटंल," बाबा म्हनले, उलट त्यालेच धीर देत, "लाइनीतच असते तो, जाऊन जाऊन कुठं जाते."

आन् तेवढ्यात फाटकापाशी ऑटो थांबला. ताईचा आवाज, "बस भैया, यहीं।" सुगतनं काही ठरवलं नाही, मी खरं सांगतो, त्यानं काहीच ठरवलं नाही, त्याच्या हातानंच झाकनातला तो जास्तीचा निळा फ्यूज उपटला आन् रिकाम्या जागेत दाबला. टक. स्विच तर सकाळपासून ऑनच होता.

लाइट लागला. एवढा लागला, एवढा लागला का समोरची भिंत, तुळस, धुन्याची दोरी, सगळं एकदम पांढरं झालं. आन् त्या उजेडात बाबा असे मागं उडाले जसा कोनी छातीत लात मारली. हात वर, बोटं फाकलेली, डोळे एवढे मोठे. "कोनं लावला?" ते ओरडले, सुगतनं तो आवाज आयुष्यात ऐकला नव्हता, तो घरातला आवाज नव्हताच, तो मशिनीच्या वरून पोचाले पायजे असा आवाज होता. "कोनं लावला रे? बंद कर! मानूस हाय लाइनवर! मानूस हाय!" करिष्मा धावत बाहेर आली. ताई फाटकात बॅग घेऊन तशीच उभी. बाबाचा हात खिशावर गेला, आत गेला, आन् बाहेर आला तो निळा फ्यूज घेऊन. त्याईनं तो हेडलाइटच्या उजेडात धरला. उलटा करून पाह्यला, सुलटा करून पाह्यला. तो जळलेला नव्हता, चांगला होता. मंग लाइटकडे पाह्यलं. मंग सुगतकडे, उघड्या दारातून.

"माहा तर माह्याजवळ हाय," ते म्हनले. आता आवाज एकदम लहान. "मंग हा लाइट कुठून येऊन राहिला, सुगत?"

सुगतनं फ्यूज उपटला. अंधार झाला, आधीहून दाट, डोळ्यासमोर नुसते हिरवे गोळे. तो दारातून बाहेर निघाला, गाडीले धरत धरत समोर आला. ताईच्या चपलांचा आवाज फाटकातून दोन पावलं आत आला आन् थांबला. बाबाचा श्वास मोठ्यानं चालू होता, मंग हळूहळू उतरला. अंधारात त्याईनं सुगतचं मनगट शोधलं, वर सरकून शर्टाचा खिसा शोधला, आन् तो निळा फ्यूज त्याच्या खिशात टाकला, वरून थापटला.

"तू ठेव," बाबा म्हनले. "माह्या खिशाचा भरोसा नाही राहिला आता."

मंग ते वळले, बोनटच्या आत वाकले, आन् बोटांनी चाचपत म्हनले, "मी लाइनवर हावो. आधी बल्ब पाहून घेऊ."

ताई हळू आवाजात म्हने, "सुगत." पुन्हा एकदा म्हने. तिची बॅग घ्याले पायजे होती, लाइट लावाले पायजे होता घरातला, तिले नागपूरचं काहीतरी सांगाले पायजे होतं, हो नाहीतर नाही. पन सुगतनं खिसा वरून मुठीत आवळून धरला होता, आन् तो हलला नाही.